पॉपॉ म्हणजे पपई नव्हे

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक कॅनडात, दक्षिण ओंटॅरिओत राहतो. फोनवर म्हणाला, "आई, परड्यात पॉपॉ लावलंय." ताईंनी कोश उघडला, तर पॉपॉ म्हणजे पपई. मग बर्फात पपई जगायची कशी, आणि या झाडाला मराठीत म्हणायचं काय?

ताई, कोश बरोबर आहे, पण तो सांगतोय तो अर्थ इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचा. तिकडे पॉपॉ म्हणजे आपली पपईच. अमेरिका-कॅनडात मात्र हे नाव साफ वेगळ्या झाडाचं आहे, शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा. 'पपाया' हा शब्द कॅरिबियनकडच्या मूळ रहिवाशांचा. तो स्पॅनिशमध्ये शिरला, इंग्रजीत त्याचं पॉपॉ झालं आणि उत्तर अमेरिकेत गेलेल्यांनी तेच नाव तिथल्या मऊ गराच्या फळाला लावलं, असं मानतात. नाव सारखं, नातं काही नाही.

नातं आहे ते सीताफळाशी. दोन्ही एकाच कुळातली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने तर १७५३ साली पॉपॉची गणना सीताफळाच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) केली होती. फळ हातात घेतलं तर मला रामफळ जवळचं वाटतं, कारण साल गुळगुळीत, सीताफळासारखे डोळे नाहीत. कापलं की आत पिवळसर, खिरीसारखा दाट गर आणि चपट्या तपकिरी बियांच्या दोन रांगा. बिया आणि साल खायची नाही.

म्हणून 'अमेरिकन सीताफळ' म्हणावं का? मला ते पटत नाही. सीताफळ, रामफळ, पपई ही तिन्ही मुळात अमेरिका खंडांतलीच. तेव्हा 'अमेरिकन' म्हणून वेगळं काय सांगितलं? आपल्या शेजारच्या कन्नडने पपईला 'परंगी हण्णु' म्हणून तिचं परकेपण नावातच जपलंय. परंगी म्हणजे आपला फिरंगी. रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ या माळेत कुणी 'भरतफळ'ही ओवेल. ऐकायला गोड आहे, पण पिकलेलं पॉपॉ दोन-तीन दिवसांत उतरतं, त्यामुळे ते तिकडच्या बाजारातही फारसं दिसत नाही. जे फळ रविवार पेठेत कधी येणारच नाही, त्याचं घडवलेलं नाव कोण उच्चारणार? पॉपॉच म्हणावं, नपुंसकलिंगी: ते पॉपॉ पिकलं, पॉपॉचं झाड, पॉपॉला फुलं आली. लेकाच्या तोंडून तेच आलं, आणि ते अगदी बरोबर आहे. कुणी विचारलंच तर 'सीताफळाच्या कुळातलं, थंडीतलं फळ' एवढं पुरे.

पपई मात्र म्हणू नका, कारण नावामागून लागवडीची पद्धतही येते. पपईचं बी आपण धुऊन, वाळवून ठेवतो. पॉपॉचं बी वाळलं की मेलं. ते ओलसर ठेवून तीनेक महिने फ्रिजच्या थंडीत काढावं लागतं, मगच रुजतं. पपई जरा दव गोठलं तरी करपते. पॉपॉ पानं गाळून उणे २५ अंशांची थंडी सोसतं. उलट हिवाळ्याची ती झोप त्याला हवीच असते, म्हणून बेळगावच्या गारव्यात ते लावण्याचा हट्ट नको. सोटमूळ खोल जातं, तेव्हा रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावं आणि पहिली एक-दोन वर्षं कडक उन्हापासून जपावं. बियांपासून वाढवलं तर फळाला पाच ते आठ वर्षं लागतात, कलम असेल तर तीन-चार.

पपईत नर-मादी झाडं वेगळी, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. पॉपॉच्या एकाच फुलात दोन्ही असतं, पण स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही. वसंतात पानांआधी काळपट तांबडी फुलं खाली मान घालून लोंबतात. त्यांच्याकडे मधमाशा फारशा फिरकत नाहीत, माश्या आणि भुंगेरे येतात. म्हणून हौशी माळी मऊ कुंचल्याने एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावतात. तेव्हा लेकाला एवढं विचारा, की लावलंय ते एकच झाड आहे का? एकच असेल, तर शेजारी दुसऱ्या जातीचं एक पॉपॉ लावायला सांगा.