सही करू नकोस, लग्नाला मात्र जा

'मावशी, जय ख्रिस्त. माझं वय ४६. तालुक्याच्या गावी नर्स आहे, माहेर तिथून जवळच, चर्च आमचं सगळ्यांचं एकच. वडील आठ वर्षांपूर्वी गेले, आई दीड वर्षापूर्वी. मृत्युपत्र कुणीच केलं नाही. अडीच एकर बागायत आणि गावातलं घर, एवढं आहे. आम्ही दोघंच भावंडं. आईची शेवटची दोन वर्षं माझ्याकडे गेली, तिचं अंथरुणातलं सगळं मी केलं. आता दादा म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर. मी म्हटलं, थांब जरा. तर म्हणाला, "तू ख्रिस्ती आहेस ना? प्रीती भावावर करायची की जमिनीवर? भावाला कोर्टात खेचणार का?" हाच दादा दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी योहानाच्या पहिल्या पत्रातला दुसरा अध्याय घेतला. मी प्रकाशात आहे असं म्हणून जो भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे. सगळं चर्च माझ्याकडेच बघतंय असं वाटलं. तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी बाकावरून उठतच नाही.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात दादाची बोअर आटली, डाळिंब जळलं. कळलं त्या दिवशी मी घरी शिरा केला. मुलांनी विचारलं, कशाचा गं? म्हटलं, असाच.

मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. ती मेसेज करते, मी उत्तर देत नाही. लग्नाला जाऊ का? आणि सही करू का? तुमची, अंधारातली.'

बाळ, जय ख्रिस्त. माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा दादाचा राग आला. दुसऱ्यांदा तुझी दया आली. तिसऱ्यांदा मात्र शिऱ्यापाशी थांबले. त्याच्याकडे येणारच आहे, पण आधी दादाचं बघू, कारण तुझ्या डोक्यात दोन निरनिराळ्या गोष्टींचा गुंता झालाय आणि तो करून देणारा तोच आहे.

परंपरा अशी सांगते, आणि जेरोम या जुन्या धर्मपंडिताने ती लिहून ठेवली आहे, की इफिस शहरात प्रभूचा शिष्य योहान इतका म्हातारा झाला की शिष्य त्याला उचलून सभेत आणत. लांब बोलायचं बळ उरलं नव्हतं. दर वेळी तो एवढंच म्हणायचा, लेकरांनो, एकमेकांवर प्रीती करा. ऐकणारे कंटाळले. कुणीतरी विचारलंच, गुरुजी, सारखं तेच का? तर म्हणाला, प्रभूची आज्ञा तीच आहे, तेवढी पाळली तरी पुरे. गोष्ट गोड आहे, आणि तुझ्या दादालाही तेवढंच वाक्य पाठ असावं असं दिसतं. पण त्याच योहानाच्या नावाच्या पत्रात तिसरा अध्यायही आहे. ज्याच्याजवळ संसाराची साधनं आहेत आणि आपल्या भावाची गरज दिसत असून जो आपलं मन बंद करतो, त्याच्यात देवाची प्रीती राहील कशी, असं तो विचारतो. लगेच पुढे म्हणतो, नुसत्या शब्दाने आणि जिभेने प्रीती करू नका, कृतीने आणि खरेपणाने करा. पेटीवाल्याला हा अध्याय कुणी वाचून दाखवला का?

मी पाळक नाही. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या नात्याने एक सांगते. आपल्या शास्त्रात बहुतेक ठिकाणी 'प्रीती करा' असं येतं. प्रेम बसतं, जडतं, आपोआप होतं. प्रीती करावी लागते, भाकरी करावी लागते तशी, पीठ मळून, हात भाजून. त्यामुळे दादाबद्दल तुला आतून उमाळा येत नाही म्हणून स्वतःला कोसत बसू नकोस. उमाळा कुणी मागितलेलाच नाही. आणि त्याच कारणाने दादाचं 'प्रीती कर, सही कर' हेही मला मान्य नाही. त्याला हवी आहे सही. प्रीती हा शब्द त्याने कागदावर वजन ठेवावं तसा ठेवलाय.

आता कागदाचं. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या मिळकतीतला एक तृतीयांश आईचा, उरलेले दोन तृतीयांश मुलांचे, आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. आईचा वाटाही तिच्यामागे तुम्हा दोघांत सारखाच. हिशेब शेवटी निम्मा-निम्मा. लग्नात तुला काय घातलं तेही त्यातून वजा होत नाही. दादा ते काढणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना जुन्या संस्थानी कायद्याने फार थोडं मिळायचं. मेरी रॉय त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ साली न्यायालयाने सांगितलं की त्यांनाही हाच कायदा. आपल्याकडे मात्र कायदा आधीपासून असूनही मुली अजून 'भावाचं मन कशाला मोडा' म्हणून सही करून येतात आणि पुढची वीस वर्षं मनातल्या मनात भावाला शिव्या देतात. कितीतरी पाहिल्यात मी. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं. तेव्हा आधी वारसनोंद होऊ दे, सातबाऱ्यावर दोघांची नावं लागू दे, आणि कुठल्याही कागदाला हात लावण्याआधी तो एखाद्या वकिलाला दाखव, दादाच्या ओळखीचा नसलेल्या.

शास्त्रातलंच हवं असेल तर ईयोबाचं पुस्तक शेवटून वाच. सगळं गमावलेल्या त्या माणसाला पुन्हा मुलंबाळं होतात, आणि तो तिन्ही मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन देतो. मुलींची नावं तिथे दिली आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. मुलग्यांची नावं दिलेली नाहीत. मला हे फार आवडतं, का ते विचारू नकोस.

कोर्टाचं म्हणशील तर पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, सहावा अध्याय, दादा पुढे करतोय. भावाने भावावर फिर्याद करावी हे पौलाला आवडलेलं नाही, खरं आहे. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असंही तो विचारतो. पण लगेच पुढचं वचन बघ. तुम्ही स्वतःच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना, असं तो समोरच्यालाही खडसावतो. आणि त्याच्या थोडं आधी विचारतो, भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? तो शहाणा माणूस शोधायचा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रमच लावून दिलाय. आधी दोघांनीच, एकांतात. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला, म्हणजे चर्चला, सांग. तू यातली पहिली पायरी केलीस का? पत्रावरून तरी दिसत नाही. 'थांब जरा' म्हणालीस आणि गप्प झालीस. थांब म्हणजे किती दिवस, आणि कशासाठी, ते त्याला कसं कळावं?

प्रकाशाबद्दल मला एवढंच कळलंय. योहानाच्या शुभवर्तमानात म्हटलंय, वाईट करणारा प्रकाशाकडे येत नाही, कारण त्याची कामं उघडी पडतील. सत्याने वागणारा येतो. म्हणजे प्रकाशात राहायचं तर आधी उघड व्हायचं. दादाने तुला गाठलं ते तुझ्या स्वयंपाकघरात की वडीलधाऱ्यांच्या देखत? स्वयंपाकघरात गाठलं असेल तर का, ते तुला कळलंच असेल. तू हिशेब पंचांपुढे मांडलास तर त्यात प्रीतीविरुद्ध काही नाही. दादाला लाज वाटेल. वाटू दे.

आणि आता शिरा.

हे लिहिताना तुझा हात थरथरला असणार, अक्षर बदललंय तिथे. मी तुला राक्षसीण म्हणणार नाही. माझी धाकटी बहीण आणि मी नऊ वर्षं बोललो नाही. कारण काय, तर आईच्या पाटल्या. त्या काळात तिच्या नवऱ्याची बदली कुठेतरी लांब आडगावी झाली, आणि मी त्या दिवशी शाळेतून गुणगुणत घरी आले. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? तुझ्यासारखंच म्हटलं, काही नाही. तेव्हा शिऱ्याची चव मला माहीत आहे.

पाळकसाहेबांनी वाचलेल्या त्या वचनाच्या पुढे आणखी एक वाक्य आहे. भावाचा द्वेष करणारा अंधारात चालतो, आपण कुठे चाललोय हे त्याला कळत नाही, कारण अंधाराने त्याचे डोळे आंधळे केलेत. मला याची प्रचिती आली ती अशी. त्या नऊ वर्षांत बहीण मला दिसेनाशी झाली. दिसायच्या फक्त पाटल्या. तुला आज दादा दिसत नाही, त्याची बोअर दिसते. जळलेलं डाळिंब दिसलं, पण त्या डाळिंबावर काढलेलं कर्ज, पोरीचं लग्न तोंडावर, रात्रीची उडालेली झोप, यातलं काही दिसलं का? मी त्याची बाजू घेत नाही. त्याने तुझा वाटा मागणं चूकच आहे. पण सहीसाठी त्याची ही घाई नुसत्या हावेची आहे की गळ्याशी आल्याची, हे तुला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची तुझी इच्छाही नाही. मला अंधार दिसतो तो इथे. वाटा मागण्यात मला तो कुठेच दिसत नाही.

आणि ती पोर. तिने काय केलंय गं? वाटणीचा वाद निघाला तेव्हा तिला कुणी विचारलं? योहान म्हणतो, भावावर प्रीती करणाऱ्याच्या ठायी अडखळण नसते. मी ते असं वाचते की त्याच्या पायात पाय अडकून दुसरं कुणी पडत नाही. भाची तुझ्या पायात अडखळते आहे. रोज मोबाइल उघडून बघत असेल, आत्याने वाचलं का. दोन निळ्या खुणा दिसत असतील आणि पुढे काहीच नाही. आज हे वाचून झालं की तिला उत्तर दे. लांबलचक नको. 'हळदीला कुठली साडी नेसू?' एवढं विचार. बाकीचं ती समजेल, हल्लीची मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात.

प्रभुभोजनाचं थोडक्यात. पौल म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकर खावी. परीक्षण करावं आणि बाकावर बसून राहावं, असं तो म्हणत नाही. शिऱ्याचं मला सांगितलंस तसं आधी देवाला सांग, आणि जा पुढे. तुला अजून टोचत असेल तर पाळकसाहेबांशी एकदा बोल. चर्च बघतंय असं वाटतं ना? अगं, निम्मं चर्च स्वतःच्या जमिनीचा विचार करत असतं.

तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते, कारण तुझी पुढची भीती तीच असणार. समेट केला म्हणजे पुन्हा एका ताटात जेवायचं का? उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि एसाव हे भाऊ वीस वर्षांनी भेटतात. याकोबाने फसवलेलं, एसावाचा वारसा गेलेला, त्याची जिवे मारायची भाषा झालेली. एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात. सण्डे स्कूलमध्ये गोष्ट इथे संपवतात. पुढे वाच. एसाव म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, तू हो पुढे, माझी लेकरं नाजूक, गुरंढोरं दुभती, मी सावकाश तुझ्याकडे सेईरला येतो. आणि जातो कुठे, तर सुक्कोथला. गेलाच नाही सेईरला. पण त्यांचा म्हातारा बाप इसहाक मेला तेव्हा त्याला पुरायला दोघे भाऊ एकत्र उभे होते. माझं आणि बहिणीचं साधारण असंच आहे. आता बोलतो, येतो-जातो, एकमेकींची औषधं आठवण करून देतो. पाटल्यांचा विषय निघाला की दोघींपैकी एकजण चहा टाकायला उठते. पाटल्या तिच्याकडेच आहेत.

आणि कधी, नाव लागल्यावर, दादा खरंच बुडतोय असं तुझ्या डोळ्यांनी दिसलं आणि तुला स्वतःहून काही द्यावंसं वाटलं, अर्धा एकर असो नाहीतर बोअरचे पैसे, तर दे. नवऱ्याशी बोलून, पंचांना सांगून दे. मी अडवणार नाही. फक्त रडत, घाईत, कुणी वचन तोंडावर फेकलं म्हणून देऊ नकोस.

लग्नाला जा. शक्य असेल तर आदल्या दिवशी हळदीलाच जा, दारात उभी राहून पाहुण्यासारखं विचारू नकोस, आत जाऊन कांदे चिरायला बस. भावजय तोंड फिरवील, फिरवू दे. भाचीला आईची एखादी वस्तू तुझ्याकडे असेल तर ती दे. दोन वर्षं आई तुझ्याकडे होती, काहीतरी असेलच. आणि दादा जेवणाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या देखत, तो कागद घेऊन आलाच, तर आवाज चढवू नकोस. म्हण, "दादा, आज पोरीचं लग्न आहे. कागदाचं पुढच्या शनिवारी, पंचांसमोर, मी येते." आणि पंगतीत बस. शिरा वाढतील तोही खा.

तुझी,
मावशी