लिनक्समध्ये नवीन यूएसबी-सीरियल केबलचा आयडी ड्रायव्हरला कायमचा कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: केबल लावली, एलएसयूएसबी या कमांडीत तिचा व्हेंडर (बनवणारा) आणि प्रॉडक्ट आयडी दिसतो, पण प्रोग्रॅमला जिथून डेटा वाचता येतो तो टीटीवाय पोर्ट तयार होत नाही. हा आयडी ड्रायव्हरच्या यादीत कसा घालायचा, रीबूटनंतर तो कसा टिकवायचा, आणि मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या पीसीआय कार्डालाही हेच चालतं का?

घालणं सोपं आहे. ड्रायव्हरची आयडींची यादी कर्नेल बांधतानाच ठरलेली असते. न्यू-आयडी नावाची फाईल म्हणजे चालू मशीनवर त्या यादीत हाताने एक ओळ वाढवायची सोय. बहुतेक जण ही फाईल सिस-एफएसमधल्या (कर्नेल उपकरणांची माहिती जिथे फाईलींच्या रूपात मांडतं तिथल्या) यूएसबी बसखाली शोधतात आणि सापडत नाही म्हणून वैतागतात. सीरियल केबलसाठी ती यूएसबी-सीरियल या वेगळ्या बसखाली, ड्रायव्हरच्या नावाच्या फोल्डरात असते. आधी ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड करा, नाहीतर ते फोल्डरच दिसणार नाही. मग फाईलमध्ये दोन आकडे हेक्समध्ये, मध्ये एक जागा सोडून लिहा. केबल लावलेलीच असेल तर ड्रायव्हर तिला लगेच धरतो. रीबूट झालं की सगळं विसरतो.

एवढं वाचून उठू नका. मी एवढंच वाचून उठलो होतो आणि त्यापायी अकरा शेतकऱ्यांच्या काटापावत्या चुकल्या.

अमळनेर-धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनाचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं आहे. तिथे दोन भुईकाटे आहेत. हंगामात ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते, त्यामुळे जो काटा मोकळा असेल त्यावर गाडी चढवतात, भरलेली असो की रिकामी. दोन्ही काट्यांचे इंडिकेटर एकाच कंपनीचे, डेटाही एकाच साच्यातला. दोन्हींच्या केबल सीएच३४० चिपच्या, आयडी १ए८६:७५२३. माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं: टीटीवाय-यूएसबी-शून्य म्हणजे पहिला काटा, टीटीवाय-यूएसबी-एक म्हणजे दुसरा. वर्षभर नीट चाललं, कारण दोन्ही केबल दरवेळी त्याच क्रमाने सापडत होत्या.

परतीच्या पावसात वीज कडाडली आणि पहिल्या काट्याची केबल गेली. दुकानातून दुसरी आणली. तिच्यात चिप एफटीडीआय कंपनीची होती, पण केबल बनवणाऱ्याने तिच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे केबलमधल्या छोट्या मेमरीत, स्वतःचा आयडी लिहिला होता. तो आयडी ड्रायव्हरच्या यादीत नव्हता, म्हणून पोर्ट येईना. बाहेर गाड्या उभ्या, दिवाणजी दर पाच मिनिटांनी डोकावत होते. मी न्यू-आयडीत आकडे लिहिले आणि पोर्ट आला. शून्य क्रमांक रिकामा पडलेला होता, तोच या केबलला मिळाला. वजन बरोबर दिसलं. तीच ओळ मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकली आणि घरी आलो. रीबूट करून पाहिलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी बसलेलीच होती. लाईट आल्यावर मशीन उठलं, आणि कर्नेलला स्वतःच्या यादीतली केबल आधी ओळखू आली. ती होती दुसऱ्या काट्याची. तिला शून्य मिळालं. माझी स्क्रिप्ट नंतर चालली, तेव्हा पहिल्या काट्याच्या वाट्याला एक आलं. दोन्ही काटे चालू, दोन्ही पोर्ट चालू, स्क्रीनवर कुठेही लाल अक्षर नाही. पहिल्या काट्यावरच्या गाडीच्या पावतीवर दुसऱ्या काट्यावरच्या गाडीचं वजन छापलं जाऊ लागलं.

पारोळ्याकडून आलेले एक आबा होते. गावातल्या काट्यावर आधी वजन करून आले होते, बावीस क्विंटल चाळीस किलो. आमची पावती अठरा क्विंटल नव्वदची निघाली. ते ओरडले नाहीत. पावती टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "भाऊ, मना कापूस वाटमा कमी व्हयना का?" मागे उभ्या असलेल्या पोरांनी मात्र थेट म्हटलं, काटा मारला. मापात पाप हा आमच्या भागात साधा आरोप नाही. वर्षभराचं पीक एका ट्रॉलीत असतं आणि ते काट्यावर चढवताना माणूस श्वास रोखून आकड्याकडे बघतो.

मी पोहोचलो तोवर अकरा पावत्या निघाल्या होत्या आणि कापूस गंजीत मिसळला होता. परत वजन करायला काही उरलं नव्हतं. वाचवलं ते दिवाणजींच्या कच्च्या वहीनं. इंडिकेटरच्या डब्यावर दिसणारा आकडा, गाडी नंबर आणि वेळ काट्यावरच्या पोरानं हातानं लिहायची, ही त्यांची सक्ती होती. ती वही बंद करा म्हणून मीच दोन हंगाम त्यांच्या मागे लागलो होतो. डब्यावरचा आकडा बरोबरच होता, चूक होती ती वायरीच्या पलीकडे. रात्री दोनपर्यंत बसून वहीवरून अकराही पावत्या नव्यानं काढल्या. आबांचे बावीस क्विंटल पस्तीस भरले. ज्यांना जास्त लागलं होतं त्यांनाही फोन केले. वैधमापनचा शिक्का काट्याला लागलेला असतो. कॉम्प्युटर कोणत्या पोर्टवरून आकडा उचलतो हे कोणी तपासत नाही. ते ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्यानंच तपासायचं असतं.

म्हणून माझं ठाम मत आहे. आयडी ड्रायव्हरला जोडणं हे एक काम आणि उपकरणाला नाव देणं हे दुसरं. पहिलं करून दुसरं सोडायचं असेल तर पहिलंही करू नका. न्यू-आयडीची ओळ स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये नको, यूडेव्हच्या (उपकरण जोडलं की नियम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) नियमात टाका: अमुक आयडीचं यूएसबी उपकरण जोडलं गेलं की मॉड्यूल लोड करून आकडे लिही. मग केबल मध्येच काढून लावली तरी अडत नाही. त्याच फाईलमध्ये टीटीवायसाठी दुसरा नियम लिहा, व्हेंडर, प्रॉडक्ट आणि सीरियल नंबर पाहून सिमलिंक, म्हणजे पोर्टकडे नेणारं ठरलेलं नाव, तयार करणारा. या तिन्ही अटी एकाच पालक उपकरणाच्या, म्हणजे टीटीवाय ज्याच्या पोटात येतो अशा एकाच उपकरणाच्या, हव्यात. दोन पालकांच्या मिसळल्या तर नियम लागू होत नाही आणि कुठे काही सांगतही नाही. सीएच३४० मध्ये बहुधा सीरियल नंबर नसतो. तशा दोन केबल असतील तर यूएसबी हबच्या भोकावरून नाव द्या, डेव्ह-सीरियलखाली बाय-पाथमध्ये ते तयारच मिळतं. आमच्याकडे आता हबच्या भोकांवर रंगानं आकडे घातलेत, आणि नावाची लिंक सापडली नाही तर प्रोग्रॅम पोर्ट उघडतच नाही. वजन थांबलेलं परवडतं.

माझे मेहुणे जळगावला कॉम्प्युटरचं दुकान चालवतात. आखाजीला बहीण माहेरी येते, तिला न्यायला तेही येतात, आणि आमरसाच्या ताटावर हा विषय निघतोच: फुकटच्या सिस्टीमवर धंदा करतोस, विंडोजवर कॉम तीन नंबरचा पोर्ट तो कॉम तीनच राहतो. मेहुणे, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून इथेच लिहितो. सीरियल नंबर नसलेल्या केबलचा कॉम नंबर विंडोज यूएसबीच्या भोकावरून लक्षात ठेवतं. झाडलोट करणाऱ्यानं केबल शेजारच्या भोकात घातली की नवा नंबर पडतो. जिनिंगमध्ये झाडलोट रोज होते. लिनक्सनं मला अदलाबदल करून दिली नाही. क्रमांकालाच ओळख मानण्याची चूक माझी होती, आणि ती तुमच्या सिस्टीमवरही करता येते. लाईट गेल्यावर विंडोजनं हा घोळ घातला नसता, एवढं तुमचं खरं आहे. ते मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आज करतो.

काही गोष्टी राहिल्या. न्यू-आयडीत काहीही लिहा, ड्रायव्हर ऐकतो; चिप खरंच त्या जातीची आहे का हे कर्नेल विचारत नाही. आधी चिपवरचा छाप वाचा. मॉडेमसारख्या उपकरणांना ड्रायव्हरकडून आयडीप्रमाणे वेगळी वागणूक मिळते, तिथे दोन आकडे पुरत नाहीत: तिसऱ्या जागी शून्य, मग ज्याच्यासारखं वागवायचं त्या उपकरणाचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी द्या. चुकून भलतं लिहिलं तर यूएसबी-सीरियल बसखाली ते पुसायची रिमूव्ह-आयडी फाईल नाही; मॉड्यूल काढून पुन्हा लोड करा. एफटीडीआयच्या ड्रायव्हरला मॉड्यूल लोड करतानाच आयडी द्या असं जुन्या लेखांत सापडेल; ती सोय कर्नेलमधून कधीच काढलीय.

पीसीआयलाही न्यू-आयडी आहे, पण तिथे त्या आयडीची सगळी मोकळी कार्डं तो ड्रायव्हर धरून बसतो. एकच कार्ड हलवायचं असेल तर त्या कार्डाच्या फोल्डरातली ड्रायव्हर-ओव्हरराइड फाईल वापरा.

तुमचा आयडी आणि चिपवरचा छाप खाली लिहा. कोणता ड्रायव्हर बसेल ते सांगतो.