वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकला नवा अल्टरनेटर, आणि तापणारा ॲमीटर

प्रश्न : आमच्याकडे 1950 च्या दशकातला, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेला पेट्रोलवरचा फार्गो ट्रक आहे. आधीच्या मालकाने त्याची सहा व्होल्टची यंत्रणा बारा व्होल्टची करून घेतली होती. डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुने जनित्र) जळाल्यावर इलेक्ट्रिशियनने बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चासीवरून काढून तेथे निगेटिव्ह जोडले, त्याच कामासाठी 65 अँपिअरचा अल्टरनेटर हे नव्या धाटणीचे जनित्र बसवले आणि त्याची तार जुन्या डायनॅमोच्या तारेलाच जोडून कटआउटची पेटी (डायनॅमोचे चार्जिंग नियंत्रित करणारी पेटी) बायपास केली. आता इंजिन सुरू केल्यावर चार्जिंग होत नाही. एकदा जोरात रेस दिली की ॲमीटरचा (प्रवाह अँपिअरमध्ये दाखवणाऱ्या मीटरचा) काटा थेट 30 च्या टोकाला जातो आणि थोड्या वेळाने डॅशबोर्डमागून तापलेल्या रबराचा वास येतो. चार्जिंगचा दिवा लावलेला नाही. त्याची गरज नाही असे सांगण्यात आले. मूळ मीटर काढून टाकावा असे मनाला पटत नाही. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : प्रथम विनंती अशी, की पुढील दुरुस्ती होईपर्यंत हा ट्रक चालवू नये आणि उभा असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून ठेवावे. तापलेल्या रबराचा वास ही आगीच्या आधीची पायरी आहे.

आपल्या ट्रकमध्ये डायनॅमोचा प्रवाह कटआउटच्या पेटीतून डॅशबोर्डवर, तेथे ॲमीटरमधून आणि मग परत खाली सेल्फजवळच्या बॅटरीच्या टोकाकडे जात असे. त्या काळी ही रचना योग्यच होती, कारण पेटीतला करंट रेग्युलेटर डायनॅमोला साधारण 30-35 अँपिअरच्या पुढे जाऊ देत नसे आणि तेवढेही क्वचितच लागत. अल्टरनेटरमध्ये असा बाहेरचा लगाम नसतो. बॅटरी उतरलेली असेल, तर 65 अँपिअरचा अल्टरनेटर तिच्याकडे सहज 45 अँपिअर ढकलतो आणि ते सगळे 30 अँपिअरच्या मीटरमधून जातात. चार चौरस मिलिमीटरच्या, चार मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेत 45 अँपिअरला सुमारे पाऊण व्होल्ट वाया जातो आणि जवळपास 35 वॉट उष्णता निर्माण होते. ही उष्णता तारेच्या लांबीभर पसरते, म्हणून ती एक वेळ सोसता येईल. खरा धोका ॲमीटरच्या मागच्या, तारा जोडण्याच्या दोन स्टडांचा (आटे असलेल्या खुंट्यांचा) आहे. साठ-सत्तर वर्षांच्या गंजलेल्या सांध्यात एक शतांश ओहमचा रोध असला, तरी 45 अँपिअरला त्या एका ठिकाणी 20 वॉट उष्णता साठते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नच मीटरच्या पाठीला टेकवून ठेवल्यासारखे होते.

म्हणून अल्टरनेटरचा मुख्य प्रवाह डॅशबोर्डपर्यंत नेऊच नये. अल्टरनेटरच्या बी प्लस टोकापासून (मुख्य प्रवाह बाहेर देणाऱ्या टोकापासून) सेल्फच्या ज्या स्टडवर बॅटरीची जाड केबल येते तेथपर्यंत, शक्यतो दीड मीटरच्या आत, 16 चौरस मिलिमीटरची नवी तार न्यावी. त्यात 45 अँपिअरला व्होल्टचा दहावा भागही पडत नाही. या तारेत 80 अँपिअरचा बोल्टने बसणारा फ्यूज घालावा आणि तो बॅटरीच्या बाजूला ठेवावा, कारण तार कोठे घासून चासीला टेकली तर तिच्यात सर्वांत मोठा प्रवाह बॅटरीकडूनच येतो. तारेच्या टोकाचे लग (बोल्टात बसणारी धातूची कडी) हातपकडीने चेपू नयेत, योग्य क्रिम्पिंग यंत्राने दाबून घ्यावेत. डॅशबोर्डकडे जाणारी जुनी तार केवळ दिवे, हॉर्न, वायपर आणि इग्निशन यांच्यासाठी ठेवावी आणि तिलाही बॅटरीजवळ 30 अँपिअरचा फ्यूज द्यावा. तिचे आवरण मऊ झालेले असेल, तर ती बदलावीच. डायनॅमोकडून आलेल्या जुन्या आर्मेचर आणि फील्डच्या तारा दोन्ही टोकांना सोडवून इन्सुलेट कराव्यात. कटआउटची पेटी मात्र तिच्या जागी तशीच राहू द्यावी.

प्रवाहाच्या परतीच्या मार्गाकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. अल्टरनेटरचे निगेटिव्ह म्हणजे त्याचे धड. त्यामुळे ब्रॅकेटवरचा रंग बोल्टाखाली खरवडून धातू उघडा करावा आणि इंजिन व चासी यांना जोडणारी पट्टी नवी घालावी. रबरी माउंटिंगवरच्या इंजिनाला ही पट्टी नसेल, तर प्रवाह ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो.

आता चार्जिंगच्या दिव्याविषयी. तो केवळ सूचना देण्यासाठी नसतो. इग्निशन स्विच आणि अल्टरनेटरचे डी प्लस टोक (दिव्यासाठीचे लहान टोक) यांच्यामध्ये असलेल्या 12 व्होल्ट, 3 वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर प्रवाह रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला, मिळतो आणि त्यातून सुरुवातीचे चुंबकत्व तयार होते. बल्ब नसेल, तर रोटरला लोखंडात उरलेल्या क्षीण चुंबकत्वावर अवलंबून राहावे लागते, आणि जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. आपली तक्रार नेमकी हीच आहे. येथे एलईडी लावू नये, तिच्यातून पुरेसा प्रवाह जात नाही. बल्ब टाळून स्विचची तार सरळ डी प्लसला जोडण्याचा सल्लाही ऐकू नये. तसे केल्यास चावी बंद केल्यावरही अल्टरनेटरचा प्रवाह उलट मार्गाने इग्निशन कॉइलला मिळत राहतो आणि पेट्रोल इंजिन बंदच होत नाही.

मूळ मीटर काढावा असे मलाही वाटत नाही. परंतु नव्या जोडणीत तो पूर्वीसारखे काम करणार नाही, हे समजून घ्यावे. चार्जिंगचा प्रवाह आता त्याला वगळून जातो, म्हणून तो फक्त दिवे वगैरेंचा खर्च दाखवील आणि काटा नेहमी डिस्चार्जकडे झुकलेला दिसेल. बाहेरून शंट (बराचसा प्रवाह मीटरला समांतर वळवणारी कमी रोधाची पट्टी) जोडून त्याचा पल्ला वाढवता येतो, पण त्यासाठी मीटरचा स्वतःचा रोध मोजून शंट बनवावा लागतो आणि मुख्य प्रवाह पुन्हा त्याच भागातून न्यावा लागतो. माझे मत असे आहे, की मीटर पॅनेलमध्ये जागेवर ठेवावा, त्याच्या दोन्ही तारा सोडवून मागे एका इन्सुलेटेड स्टडवर एकत्र जोडाव्यात, आणि खरे मोजमाप वेगळ्या व्होल्टमीटरवर करावे. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनाची व्याख्या करताना मूळ स्वरूप जपण्यावर भर आहे, तेव्हा डॅशबोर्डला नवे भोक न पाडता हा व्होल्टमीटर खालच्या कडेला काढता येण्याजोग्या पट्टीवर लावणे उत्तम.

व्होल्टमीटर इग्निशन स्विचमधून बाहेर पडणाऱ्या तारेवर, छोट्या फ्यूजमधून जोडावा. विश्रांतीनंतर इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 हा निरोगी पल्ला आहे. 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे असे समजून लगेच थांबावे. जुन्या स्विचमध्ये थोडे व्होल्ट पडतात, म्हणून एकदा मल्टीमीटर थेट बॅटरीवर लावून फरक टिपून ठेवावा.

पॉझिटिव्ह अर्थ (चासीला बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक जोडण्याची जुनी पद्धत) बदलल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारा अदलाबदल केल्या आहेत का? नसल्यास ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि चढावर इंजिन अडखळते. सेल्फची मोटर सीरिज वाइंडिंगची (एकच प्रवाह तिच्या सर्व गुंडाळ्यांतून जाणारी) असल्याने तिची दिशा बदलत नाही. डायनॅमो बसवताना त्याला बॅटरीची तार क्षणभर टेकवून ध्रुवता देण्याची पद्धत होती. अल्टरनेटरवर ती चुकूनही करू नये, आतले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात. चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून चार्जिंग तपासण्याची सवयही त्याच कारणाने सोडावी.

प्रश्न : माझ्या जुन्या ट्रकला अल्टरनेटर बसवल्यापासून आयडलवर हेडलाइट लावले की व्होल्टमीटर 12.4 दाखवतो. अल्टरनेटर सदोष आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. जुनी सहा सिलिंडरची इंजिने मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपास शांतपणे आयडल करतात, आणि डायनॅमोची मोठी पुली अल्टरनेटरवर तशीच चढवली असेल, तर त्याला चार्जिंगपुरता वेगच मिळत नाही. दिवे चालू ठेवून इंजिन 1200 फेऱ्यांवर धरावे. तेथे 14 व्होल्ट येत असतील, तर लहान पुली लावून घ्यावी. आपले इंजिन त्या जुन्या, संथ धाटणीचे असेल, तर त्याचा कमाल वेग चार हजार फेऱ्यांच्या आतच असतो, म्हणून तिप्पट गुणोत्तरही अल्टरनेटरला झेपते. मात्र पुली फार लहान केल्यास एकेरी फॅनबेल्टला पकड उरत नाही आणि तो भाराखाली घसरू लागतो. पूर्ण भारावर 65 अँपिअरचा अल्टरनेटर इंजिनाकडून दोन अश्वशक्तींहून अधिक ओढतो. तेव्हा बेल्ट आणि पुलीच्या खाचेची रुंदी जुळते का, हे पुली विकत घेण्यापूर्वीच पाहावे.