डिझाईनमध्ये मेंटॉर कसा शोधावा? आपला आर्ट डायरेक्टरच मेंटॉर होऊ शकतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात जाहिरात एजन्सीत आहात, लिंक्डइनवरच्या मेसेजना कुणी उत्तर देत नाही, मग रोज समोर बसणारे आर्ट डायरेक्टर तरी चालतील का? माणूस कितीही चांगला असला तरी त्याला संध्याकाळी आर्टवर्क प्रेसला पाठवायचं असतं. तुमचं काही बिघडलेलं दिसलं की तो स्वतः माउस हातात घेतो, नीट करतो आणि फाईल पाठवून देतो. ते का बिघडलं होतं, हे तुम्हाला कळायचं राहूनच जातं.

मला शिकवलं ते गिरगावातल्या एका सरांनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी त्यांच्याकडे पाकिटावरचं नाव घेऊन गेले होते, 'कैरीचे लोणचे', हाताने काढलेलं. सरांनी छान-वाईट काही म्हटलं नाही. कागद उलटा धरला. तसा धरला की शब्द वाचला जात नाही, नुसते काळे आकार आणि मधली पांढरी जागा दिसते. 'री'च्या पोटात केवढी जागा मोकळी पडलीय ते तेव्हा दिसलं. मग म्हणाले, पाकीट केवढं? खऱ्या मापात प्रिंट काढून आणायला लावली आणि खालच्या वाण्याकडे पिटाळलं. वाण्याने ती वरच्या फळीवर, बाकीच्या लोणच्यांच्या मधे लावली. मी गिऱ्हाईक उभं राहतं तिथून पाहिलं. 'कै'वरच्या दोन मात्रा चिकटून एकच जाड रेघ झाली होती. लांबून सरळ 'केरी' वाचलं जात होतं!

वर येऊन सांगितलं, तर सर म्हणाले, ''ही कागदावरची गत. प्लास्टिकवर फ्लेक्सोत शाई आणखी पसरते.'' (फ्लेक्सो म्हणजे मऊ, लवचीक प्लेटने होणारी पाकिटांची छपाई.) पुढे काय करायचं ते सांगितलं नाही. माझ्या कामावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्या मात्रांभोवती गोल केला, बस. मूळ कागदाला त्यांनी कधी पेन्सिल लावली नाही. पुढच्या खेपेला मी मात्रा फाकवून, बारीक करून नेल्या. त्यावर नुसतं ''हं'', आणि लगेच शिरोरेषेच्या जाडीवर आले.

हेच पाकीट माझ्या तेव्हाच्या साहेबांनीही पाहिलं होतं. ''नाव मोठं कर, लाल कर'', एवढंच म्हणाले. आणि आजही ते चारचौघांत सांगतात, ''हिला मी घडवलं.'' बरीच वर्षं मी ऐकून घेतलं, आता घेत नाही. त्यांनी नोकरी दिली, पगार वेळेवर दिला, त्याचे आभार मी मानते. घडवणं वेगळं.

कुणी म्हणेल, र. कृ. जोशीही उल्का या जाहिरात कंपनीतच होते. बरोबर. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवणारे, विंडोजमधला 'मंगल' फाँट करणारे तेच जोशी. सुलेखनकार अच्युत पालवांनी जे. जे.नंतर उल्काच्याच शिष्यवृत्तीवर, जोशींच्या मार्गदर्शनाखाली मोडी लिपीचा अभ्यास केला. पण तो अभ्यास होता. त्याच्यामागे कुठला क्लायंट 'आज संध्याकाळी द्या' म्हणत बसला नव्हता. तुमच्या आर्ट डायरेक्टरनी तुम्हाला असा वेळ दिला, तर माझं 'नाही' मी मागे घेईन.

आता शोधायचं कुठे. अक्षरांत रस असेल तर 'टायपोग्राफी डे'सारख्या परिषदांना जा (२००८ साली आयडीसीतच सुरू झाली), कार्यशाळांना जा. फाँट बनवणाऱ्या 'एक टाईप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट खुल्या परवान्याचे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येतील असे आहेत. ते उघडा, त्यातली वेलांटी प्रत्येक अक्षरावर कशी बसवलीय ते बघा, स्वतः काढून बघा. विचारण्याजोगा प्रश्न तिथूनच सापडतो.

एक सांगायचं राहिलं. मी लेटरिंग (हाताने अक्षरं काढणं) आणि पॅकेजिंगवाली. तुम्ही ॲपच्या स्क्रीन करत असाल तर वाण्याच्या फळीऐवजी खऱ्या माणसाच्या हातातला स्वस्तातला फोन धरा. आणि शिकवतो म्हणून कुणी फुकट क्लायंटचं काम करून घेत असेल, किंवा तुमच्या कामावर स्वतःचं नाव घालत असेल, तर तिथून निघा. कार्यशाळेची फी द्यायला मात्र कचरू नका, ती रास्त असते.

लिंक्डइनच्या मेसेजमधून 'माझे मेंटॉर व्हाल का' हे वाक्य काढून टाका. अनोळखी माणसाला त्यातून फक्त ओझं दिसतं. एकच काम जोडा, त्यातली अडलेली एकच जागा दाखवा, आणि आधी काय करून पाहिलं ते दोन ओळींत लिहा. उत्तर आलं तर सांगितलेलं करून मगच पुन्हा लिहा.