पश्तो बोलता येते, लिहिता येत नाही

प्रश्न: माझा मुलगा ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो, तिथे पाकिस्तानातल्या पेशावरच्या एका पोराशी त्याची दोस्ती झाली. तो पोरगा म्हणतो घरी आम्ही पश्तोच, म्हणजे पठाणांची भाषाच बोलतो, पण लिहायचं म्हटलं की इंग्रजी, नाहीतर पश्तोच इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीने त्यांची भाषा खाल्ली का हो? मग पठाणपण तरी राहील का? आमच्याकडेही तेच चाललंय म्हणून विचारते. – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, सगळं इंग्रजीवर ढकलू नका. मोटर, डॉक्टर, टिकट हे शब्द पेशावरच्या पश्तोत कधीचेच मुरलेत. काबूलकडे, म्हणजे अफगाणिस्तानात, युनिव्हर्सिटीला पोहनतून, हॉस्पिटलला रोघतून असे स्वतःचे शब्द चालवले, ते छानच, पण म्हणून पेशावरवाला काही कमी पठाण होत नाही.

खरं दुखणं शाळेत आहे. अफगाणिस्तानात 1936 साली पश्तो सरकारी भाषा झाली, पाकिस्तानात मात्र कारभार इंग्रजी आणि उर्दूत, त्यामुळे पोरगं घरी पश्तो बोलतं आणि वहीत दुसरंच काहीतरी लिहितं. बोलणारे कमी नाहीत हो, 2017 च्या जनगणनेत पाकिस्तानातल्या 18 टक्क्यांहून जास्त लोकांची मातृभाषा पश्तो होती. पण लिहायला शिकवणार कोण? पश्तोत आपल्यासारखा ण आहे, आपल्या चमच्यातला च आहे, त्यांच्यासाठी पश्तो लिपीत वेगळी अक्षरं आहेत, इंग्रजी अक्षरांत टाईप केलं की सगळा गोंधळ होतो.

बादशाह खानांना, म्हणजे सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खानांना, हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. स्वतः पेशावरच्या मिशन शाळेत शिकले, भाऊ इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाले, इंग्रजीशी त्यांचं वैर नव्हतंच, तरी 1910 मध्ये आपल्या उत्मानझई गावात शाळा काढली आणि 1928 मध्ये पश्तोतून 'पख्तून' मासिक सुरू केलं. 1934 मध्ये त्यांना स्वतःच्या प्रांतात जायला बंदी होती तेव्हा हाच माणूस आपल्या वर्ध्यात येऊन राहिला, हे आपल्या पोरांना सांगायलाच पाहिजे.

पठाणपणाचं म्हणाल तर भारतातल्या कितीतरी खान घराण्यांची पश्तो पिढ्यांमागे सुटली, तीही इंग्रजीमुळे नाही, उर्दू-हिंदीमुळे, तरी ते स्वतःला पठाणच म्हणतात. नाव टिकलं, पण पश्तोतली कविता त्यांना आता कुणीतरी समजावून सांगावी लागते, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

मुलाला म्हणा, त्या मित्राला फोनवर पश्तो कीबोर्ड टाकायला सांग. आणि तुमच्या घरच्या फोनवर मराठी कीबोर्ड आजच टाका, आजीला मेसेज त्यावरूनच जाऊ द्या.