जीएनएमच्या मुलींना आनुवंशशास्त्र शिकवायला सुरुवात कुठून करावी?

कोल्हापुरात जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतिशास्त्र, शिकणाऱ्या मुलींना आनुवंशिकता शिकवायची आहे, तास मोजकेच आहेत आणि मुली मेंडेलच्या वाटाण्यांच्या प्रयोगांतच अडकतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर वाटाणे सोडा, रक्तगटापासून सुरू करा.

आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डीचं इंजेक्शन, हे त्यांना पाठ असतं. मग विचारा, आई-वडील दोघंही पॉझिटिव्ह आणि बाळ निगेटिव्ह, असं होऊ शकतं का? बहुतेकजणी नाही म्हणतील. हाच प्रश्न उद्या वॉर्डात सासू विचारणार, आणि संशय सुनेवर जाणार. दोघांकडेही डी (रक्तगट पॉझिटिव्ह करणारा घटक) नसलेली जनुकाची एकेक प्रत दडलेली असू शकते आणि बाळाला नेमक्या त्या दोन मिळतात. 'अप्रभावी' म्हणजे काय ते इथे एकदाच नीट समजतं.

त्यानंतर नाणी. दोघींच्या जोडीला दोन नाणी द्या, एक आईचं, एक वडिलांचं, दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. छापा चांगली प्रत, काटा सदोष. वीस वेळा उडवून मांडायला लावा. दोन काटे म्हणजे थॅलेसेमिया मेजरचं, आजारी बाळ; एक काटा म्हणजे वाहक, स्वतः आजारी नाही पण सदोष प्रत पुढे देऊ शकणारं. कुणाला वीसात पाचऐवजी दोन किंवा आठ मेजर मिळतात आणि आपलं चुकलं असं वाटतं. सगळ्या वर्गाची बेरीज केली की आकडा पाव हिश्श्याजवळ येतो. खरी चूक पुढे होते. 'चारात एक' ऐकून घरचे समजतात, एक आजारी झालं, आता तीन सुटली. म्हणून दोन काटे पडल्यावर लगेच पुन्हा उडवायला सांगा. धोका तोच राहतो, दर गरोदरपणात २५ टक्के.

सगळ्यात जास्त वेळ वंशावळीला द्या. चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, लिंग माहीत नसेल तर बर्फीचा आकार, गर्भपाताला छोटा त्रिकोण, मृत्यूला तिरकी रेघ, आजारी असेल तर भरलेला आकार, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तीन पिढ्या हव्यात. चिन्हं अर्ध्या तासात येतात, अडतं ते विचारण्यात. 'मुलं किती?' म्हटलं की हयात मुलांचा आकडा मिळतो. 'किती वेळा दिवस राहिले?' असं विचारायचं. आणि 'नात्यात लग्न आहे का?' यापेक्षा 'लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागत होत्या?' हे विचारा. आत्या किंवा मामी असेल तर आते-मामे भावंडं, म्हणजे जनुकांचा आठवा हिस्सा समान. आजी असेल तर नवरा सख्खा मामा, म्हणजे चौथा हिस्सा. आपल्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ही लग्नं होतात, त्यामुळे मुलींच्या स्वतःच्या घरातही असतील. बोलताना दोषाचा सूर नको. सख्ख्या आते-मामे भावंडांची बहुतेक मुलं निरोगीच असतात. गंभीर जन्मजात दोषाचा धोका साधारण २-३ टक्क्यांवरून ५-६ टक्क्यांवर जातो.

रक्ताचा रिपोर्ट वाचायला इथेच शिकवा. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता असेल किंवा बाई थॅलेसेमियाची वाहक असेल. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन महिने घालवले की वेळ जातो. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत एचबीए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर निघाला तर नवऱ्याचंही रक्त लगेच तपासायचं. लोह फार कमी असेल तर एचबीए-२ थोडं खाली दिसू शकतं, म्हणून सीमेवरचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय 'नॉर्मल' म्हणायचा नाही.

डाऊन सिंड्रोमला (२१ वं गुणसूत्र जास्तीचं असणं) लांबण नको. बाळंतपणाच्या वेळी आईचं वय २५ असेल तर धोका साधारण १२५० त १, ३५ ला ३५० त १, ४० ला १०० त १. डबल मार्कर, म्हणजे हा धोका काढणारी आईच्या रक्ताची तपासणी, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच. फॉर्मवर वय, वजन किंवा गर्भाचे आठवडे चुकले तर धोक्याचा आकडाही चुकतो. 'हाय रिस्क' म्हणजे निदान नव्हे, हे वाक्य मोठ्याने म्हणून घ्या.

मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवर ठरतं, हे दोन मिनिटांत होतं. मात्र गर्भाच्या गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्ये लिंग कळतं, आणि १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याने ते शब्दाने, खुणेने, कसंही सांगणं गुन्हा आहे, हे बजावून सांगा.

परीक्षेत व्याख्या विचारू नका. एका कुटुंबाची माहिती द्या, वंशावळ काढायला लावा आणि कुणाला कोणत्या तपासणीला, कितव्या आठवड्यात पाठवाल ते लिहून घ्या.