पाहुणा तुमचा, पण पैसा आधी कोणाकडे?

पर्यटन व्यवसायातली गुंतवणूक आणि तिथे येणारं नवं तंत्रज्ञान, यांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. नाश्ता-जेवण घरचंच. आधी फोनवर माणशी दर सांगून बुकिंग घ्यायचो. गेल्या वर्षी दोन ऑनलाइन कंपन्यांकडे नोंदणी केली. कमिशन २० टक्के ठरलं होतं, पण हातात येणारी रक्कम त्याहून बरीच कमी भरते. मे महिन्यात एकाच खोलीची दोन बुकिंगंही आली. आमचं कुठे चुकतंय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी हिशेब मांडू. खोलीचा दर ३,००० रुपये धरा. कमिशन ६०० रुपये. कमिशन ही कंपनीने तुम्हाला दिलेली सेवा, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०८ रुपये. एकूण ७०८ गेले. २० टक्के कमिशनची खरी कपात अशी २३.६ टक्के होते. पूर्वी जीएसटी नोंदणी असलेल्याला हे १०८ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून आपल्या भरायच्या जीएसटीतून वळते करता येत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि त्याबरोबर हे क्रेडिटही गेलं. पाहुण्याला खोली स्वस्त झाली, पण तुमचे १०८ रुपये खर्चात गेले. तुमचा दर त्याआधी ठरवलेला असेल तर तो पुन्हा मांडा.

याशिवाय ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, आणि जीएसटी नोंदणी असेल तर ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ जीएसटी, कापला जातो. हे पैसे तुमचेच आहेत. टीडीएस आयकर विवरणपत्रात मिळतो आणि टीसीएस जीएसटीच्या रोख खात्यात जमा होतो, फक्त तो तिथे जाऊन स्वीकारावा लागतो. खातं वैयक्तिक नावावर असेल, पॅन दिलेला असेल आणि त्या कंपनीमार्फत वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर टीडीएस कापायचा नसतो. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून नोंदणी नसेल, तर खोलीवरचा ५ टक्के कर भरण्याची जबाबदारी कंपनीची. तो तुमच्या रकमेतून वजा झालेला दिसला तर दर करासह भरला होता की कराशिवाय, हे आधी तपासा.

खरी गळती मात्र बहुधा सवलतींमध्ये आहे. मोबाइलवरून बुकिंग केल्यास १० टक्के, नियमित ग्राहकाला १० टक्के, अशा योजना ॲपमध्ये एका टिचकीसरशी सुरू होतात आणि एकमेकींवर चढतात. ३,००० चे २,७०० होतात, त्याचे २,४३०. त्यावर कमिशन ४८६ आणि त्याचा जीएसटी सुमारे ८७. तुमच्या हाती १,८५७ रुपये उरतात, त्यातून नाश्ता आणि चादरींची धुलाई. ॲपमधला सवलतींचा भाग उघडा, चालू असलेल्या सगळ्या योजना कागदावर उतरवा आणि शनिवार, दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी या दिवसांसाठी त्या बंद करा. जे दिवस तसेही भरतात त्या दिवशी सवलत देण्याचं कारण नाही.

कोकणातल्या घरांत आणखी एक घोळ नेहमी होतो. आपण माणशी दर सांगतो, कंपनी खोली विकते. दोघांच्या दरात चौघं येऊन उभे राहतात आणि सुरमईचं ताटही त्यातच धरलेलं असतं. खोलीच्या नोंदीत मूळ दर दोन माणसांचा ठेवा, तिसऱ्या माणसाची वेगळी रक्कम भरा आणि मुलांच्या वयाचे टप्पे स्पष्ट लिहा. जेवणाचे दोन वेगळे दर ठेवता येतात. फक्त नाश्ता म्हणजे सीपी, नाश्ता आणि एक जेवण म्हणजे एमएपी. मासळी, मोदक दरात धरू नका. ते जागेवर मागणीप्रमाणे द्या.

आता दुहेरी बुकिंग. दोन कंपन्यांची कॅलेंडरं तुम्ही आयकॅल लिंकने जोडली असावीत. ही सोय फुकट आहे, पण कॅलेंडर ठरावीक काळानेच ताजं होतं, कधी कधी त्याला काही तास लागतात. शनिवारी सकाळी एक बुकिंग इथे आलं तर दुपारपर्यंत तिथे खोली मोकळीच दिसते. चॅनेल मॅनेजर ही सेवा हेच काम जवळपास लगेच करते, मात्र तिचं महिन्याचं भाडं असतं. चार खोल्यांना ते लगेच परवडेलच असं नाही. तोवर एवढं करा : मोठ्या सुट्ट्यांना चारपैकी एक खोली ऑनलाइन ठेवूच नका, ती फोनवरच्या ग्राहकाला द्या. त्याच दिवसाचं बुकिंग दुपारी ४ नंतर बंद ठेवा, कारण वीज किंवा रेंज गेली की संदेश तुम्हाला उशिरा मिळतो. चॅनेल मॅनेजर घेतलाच तर जोडणी करताना प्रत्येक खोलीचा प्रकार दोन्हीकडे नीट जुळवा. 'समुद्राकडची खोली' तिकडच्या साध्या खोलीला जोडली गेली की महिनाभर चुकीच्या दराने विक्री होते आणि ते कळतही नाही.

पैसे मिळण्याची पद्धतही पाहा. काही कंपन्या आभासी कार्ड, म्हणजे नुसता कार्ड क्रमांक, देतात आणि ते कार्ड मशिनवरच वटतं. मशीन नसेल तर करारात थेट बँक हस्तांतराचा पर्याय निवडा.

शेवटचं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं : परत येणारा पाहुणा तुमच्या फोनवरच यायला हवा. गुगलने मार्च २०२१ पासून हॉटेलांच्या यादीत बुकिंगच्या मोफत लिंक सुरू केल्या. त्या मिळवायला बुकिंग इंजिन, म्हणजे पाहुण्याकडून थेट ऑनलाइन बुकिंग घेणारी प्रणाली, देणाऱ्या एखाद्या सेवेमार्फत जोडणी लागते. तिथे दिसणारा दर आणि पैसे भरतानाचा करासहित दर यांत फरक पडला की लिंक दिसेनाशी होते, म्हणून कर आधीच धरून ठेवा. 'आमच्यापेक्षा कमी दर कुठेही देऊ नका' अशी अट करारात आहे का, तेही वाचा. अशा अटींसह इतर कारणांसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपये दंड ठोठावला होता.

फोनवर बुकिंग घेताना एक सावधगिरी. 'लष्करातून बोलतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल,' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

प्रश्न : वाईजवळ मला स्वतःच्या नावावर कृषी पर्यटन केंद्र सुरू करायचं आहे. पर्यटन विभागाच्या 'आई' धोरणात कर्जाचं व्याज परत मिळतं, हे खरं का?
— एक वाचक, वाई

उत्तर : खरं आहे. महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाने १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं तर त्यावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत पर्यटन संचालनालय देतं. कर्ज फिटेपर्यंत, ७ वर्षांपर्यंत किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर. ही तिसरी मर्यादा नीट पाहा. १० लाख, १० टक्के, ५ वर्षं असं कर्ज असेल तर एकूण व्याज सुमारे पावणेतीन लाख, ते मर्यादेत बसतं. १५ लाख, १२ टक्के, ७ वर्षं घेतलंत तर व्याज सव्वासात लाखांच्या आसपास जातं आणि वरचे पावणेतीन लाख तुमच्या खिशातून. हप्ता आधी तुम्ही भरायचा, परतावा नंतर, त्यामुळे पहिल्या वर्षाची रोकड बाजूला ठेवूनच कर्जाचा आकडा ठरवा. व्यवसायातले निम्मे कर्मचारी महिला असावेत, ही अटही आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतरच्या पैशातला थोडा भाग पर्यटन कंपन्यांच्या शेअरमध्ये ठेवायचा विचार आहे. या कंपन्यांच्या जाहिरातींत हजारो कोटींची बुकिंगं दिसतात. ताळेबंदात नेमकं काय पाहावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कुठला शेअर घ्यावा हे आम्ही सांगणार नाही, पण वाचायचं कसं ते सांगतो. बुकिंगचा आकडा कंपनीचा नसतो. १,००० कोटींची तिकिटं विकली आणि कमिशन-शुल्क मिळून ७० कोटी हाती आले, तर उत्पन्न ७० कोटी. हे ७ टक्के गेल्या काही वर्षांत वाढले की घटले ते पाहा. मग त्या ७० कोटींतून जाहिरात आणि ग्राहक-सवलतींवर किती गेले ते पाहा. विमान तिकिटात मार्जिन कमी, हॉटेल आणि सहलींत जास्त, म्हणून विभागवार तक्ता पहिला उघडा.

दुसरी जागा म्हणजे 'ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम'. प्रवासी आज पैसे भरतो, हॉटेलला ते मुक्कामानंतर जातात. मधल्या काळात कंपनीच्या खात्यात भरपूर रोख दिसते. ती तिची नव्हे. बुकिंगं वाढत असतात तोवर हा प्रवाह सुखाचा असतो, पण प्रवास थांबला की तोच उलटा फिरतो. २५ मार्च ते २५ मे २०२० या दोन महिन्यांत देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती तेव्हा परताव्याच्या मागण्यांनी हेच केलं. तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. उन्हाळ्याची सुट्टी आणि पावसाळा शेजारी ठेवून काही कळत नाही.

तिसरी गोष्ट धोरणाची. आयआरसीटीसी ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२० रुपयांच्या दराने बाजारात आली. ऑनलाइन तिकिटावरचं सुविधा शुल्क हा तिच्या नफ्याचा कणा. हे शुल्क नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, बंद झालं होतं आणि शेअर विक्रीच्या जेमतेम महिनाभर आधी, १ सप्टेंबर २०१९ ला, पुन्हा सुरू झालं. २८ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी या शुल्काचा निम्मा वाटा रेल्वेला द्यावा लागेल असं जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर कोसळला आणि त्याच दिवशी निर्णय मागे घेतला गेला. धंदा तोच, प्रवासी तेच, पण एका पत्राने भाव हलला. निवृत्तीच्या पैशाला असा धक्का सोसवेल का, हे आकड्यांच्या आधी ठरवा.

प्रश्न : कर्जतजवळच्या हॉलिडे होमचा दहावा हिस्सा ११ लाखांत, वर्षाला ९ टक्के खात्रीशीर परतावा आणि ॲपवर रोजचं उत्पन्न दिसणार, अशी योजना आहे. घ्यावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ॲप बाजूला ठेवा. तुमचं नाव कोणत्या कागदावर येणार ते विचारा : सातबारा किंवा खरेदीखतावर, एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या) भागीदारीत, की नुसत्या करारात? तिसरं उत्तर असेल तर तुम्ही मालमत्ता घेत नाही, बिनतारण उसने देत आहात. सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या आरईआयटीसाठी, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून मालमत्तेत गुंतवणाऱ्या न्यासांसाठी, नियम केले. त्यात योजनेतली मालमत्ता ५० ते ५०० कोटींची आणि किमान गुंतवणूक १० लाखांची. एका बंगल्याचे दहा हिस्से त्या चौकटीत येतच नाहीत. ९ टक्के कोण देणार, खोल्या रिकाम्या राहिल्या तरी देणार का, आणि देणाऱ्याच्या मागे बँक हमी आहे का, हे लेखी मागा. पावसाळ्यातल्या चार आठवड्यांच्या मंगळवार-बुधवारची प्रत्यक्ष बुकिंगं मागितलीत तर बरंच कळेल.

प्रश्न : विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा ॲप घ्यावं का? एकदा पुणे विमानतळावर फाटकच उघडलं नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नेहमी विमानाने जात असाल तर जरूर घ्या, पण ते ऐच्छिक आहे. फाटक न उघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तिकिटावरचं आणि आधारवरचं नाव न जुळणं, किंवा वेब चेक-इन करूनही बोर्डिंग पास ॲपमध्ये न चढवणं. तो प्रत्येक प्रवासाला नव्याने चढवावा लागतो. मूळ ओळखपत्र सोबत असू द्या.

प्रश्न : सांगलीत तिकीट बुकिंगचं छोटं कार्यालय आहे. एकाच विमानाचं तिकीट दोन पोर्टलवर वेगळ्या दरात दिसतं. एकजण 'एनडीसीचा दर' म्हणतो. ते घ्यावं का? आणि पोर्टलच्या वॉलेटमध्ये किती पैसे ठेवावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जुन्या पद्धतीत विमान कंपनी आपले दर आधी नोंदवते आणि अमाडेउस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट यांसारख्या यंत्रणा ते इंग्रजी अक्षरांच्या श्रेणींत मांडून एजंटपुढे ठेवतात. त्यासाठी विमान कंपनीला प्रत्येक बुकिंगमागे शुल्क मोजावं लागतं. विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयाटाने २०१२ मध्ये एनडीसी हे मानक आणलं, त्यात दर विमान कंपनी स्वतःच त्या क्षणी बनवून पाठवते. लुफ्तान्सा समूहाने १ सप्टेंबर २०१५ पासून जुन्या मार्गाच्या प्रत्येक तिकिटावर १६ युरो लावले, तेव्हापासून ही ओढाताण उघड झाली. तुम्हाला दिसणारा फरक बहुधा यातूनच येतो.

घ्या, पण सांभाळून. एनडीसीचं तिकीट ही विमान कंपनीकडची 'ऑर्डर' असते. ती जुन्या स्क्रीनवर उघडून बदलता येईलच असं नाही. पोर्टलला चार गोष्टी लेखी विचारा : त्याच दिवशी रद्द करायची मुदत किती वाजेपर्यंत, तारीख बदल तुम्ही करू शकता की त्यांच्या कॉल सेंटरनेच करायचा, वेळापत्रक बदलल्याचा निरोप कोणाला जातो, आणि परतावा किती दिवसांत. सुरुवात साध्या, एकेरी, थेट विमानांच्या तिकिटांनी करा. एकाच प्रवासाचा एक टप्पा एनडीसीवर आणि दुसरा जुन्या मार्गाने कधीही काढू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही. संपर्कात मोबाइल प्रवाशाचा आणि ईमेल तुमचा द्या. विमान उशिरा असल्याचा संदेश त्याला मिळायलाच हवा, आणि कागद तुमच्याकडे हवेत.

वॉलेटबाबत आमचं मत ठाम आहे : दोन दिवसांच्या सरासरी विक्रीपेक्षा जास्त ठेवू नका. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ ला, आणि दोन्ही वेळा एजंटांचे परतावे अडकले. परतावा विमान कंपनीकडून पोर्टलकडे आणि तिथून वॉलेटमध्ये येतो, त्या साखळीत तुम्ही शेवटचे. बुडालेल्या कंपनीच्या घेणेकऱ्यांत बिनतारण माणसाचा क्रमांक खूप मागे लागतो. जास्त शिल्लक ठेवल्यास अर्धा टक्का अधिक देऊ, असं पोर्टल म्हणतं तेव्हा १ लाखावर मिळणारे ५०० रुपये आणि अडकणारे १ लाख शेजारी लिहून पाहा. दर सोमवारी वॉलेटचा उतारा काढा, रद्द तिकिटांच्या वहीतल्या तारखा त्याच्याशी ताडा आणि ठरल्या मुदतीनंतरही न आलेल्या परताव्याची तक्रार त्याच दिवशी ईमेलने करा. फोनवर केलेल्या तक्रारीची नोंद तुमच्याकडे उरत नाही.